दोन भाषांतील यंत्रविद्या आणि आपली मुले

(नाशिक येथे पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांतून एक प्रश्न वारंवार कानांवर येतो. आईबाप म्हणतात, "मुलगा यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेत आहे. पुढे जर्मनीस जाऊन पदव्युत्तर पदवी घेईन म्हणतो. तेथे म्हणे काही विषय इंग्रजीत शिकवितात आणि काही जर्मन भाषेत. आमच्या मुलाला हे झेपेल काय? पैसा कोठून आणावा? आणि कोणी फसविणार तर नाही ना?" हे तीनही प्रश्न योग्य आहेत. ज्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली ही पहिलीच पिढी आहे, त्या घराने असे प्रश्न विचारलेच पाहिजेत. आज मी त्यांची उत्तरे देण्याचा प्रयत्न करणार आहे.

प्रथम हे शिक्षण म्हणजे काय ते पाहू. जर्मनीतील पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा दोन वर्षांचा, म्हणजे चार सत्रांचा असतो. त्याचे एकूण १२० श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो. यात वर्गातील तास, घरचा अभ्यास, प्रयोगशाळा आणि शेवटचा प्रबंध हे सारे आले. काही विद्यापीठे हा अभ्यासक्रम संपूर्ण इंग्रजीत चालवितात, काही संपूर्ण जर्मनमध्ये, आणि काही दोन्ही भाषांत. डुइसबुर्ग-एसेन विद्यापीठाने काही विषय इंग्रजीत व काही जर्मनमध्ये शिकविण्याची पद्धत अभियांत्रिकीत मुद्दाम परदेशी विद्यार्थ्यांसाठी रूढ केली आहे. इतरत्रही अनेक ठिकाणी विषयांच्या यादीत प्रत्येक विषयापुढे त्याची भाषा लिहिलेली असते. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या सुमारे ४९ हजार होती, आणि परदेशी विद्यार्थ्यांत तो सर्वांत मोठा गट होता. मग त्यांत आपली मुले किती असावीत, याचा विचार आपण केला पाहिजे.

भाषेचे दार

आपल्या समाजाला भाषेचे दार बंद करण्याची रीत नवी नाही. बाबासाहेबांना शाळेत असताना संस्कृत घेऊ दिले नाही, फारसी घ्यावी लागली, हे आपल्याला ठाऊक आहे. पुढे त्यांनी संस्कृत स्वतःच्या परिश्रमाने आत्मसात केले. परंतु दुसरी एक गोष्ट आपल्या घरांत तितकीशी सांगितली जात नाही. ती अशी की, बाबासाहेबांनी जर्मन भाषाही शिकून घेतली होती. लंडनला अर्थशास्त्राचे अध्ययन चालू असता, फेब्रुवारी १९२१ मध्ये त्यांनी बॉन विद्यापीठाला प्रवेशासाठी जर्मन भाषेत स्वहस्ते पत्र लिहिले, आणि त्या वर्षी तेथे त्यांचे नावही नोंदले गेले. लंडनच्या कामामुळे बॉनचे अध्ययन पुढे गेले नाही. पण ते पत्र राहिले. ज्याला एक भाषा नाकारली गेली, त्याने ती तर घेतलीच, शिवाय कोणी न सांगितलेली दुसरीही घेतली. ही गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगावी.

तांत्रिक शिक्षणाविषयीही त्यांची दृष्टी स्वच्छ होती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. त्यात विज्ञान व तंत्रशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी, देशात आणि परदेशातही, शिष्यवृत्त्यांची मागणी होती. केवळ साक्षर होऊन भागणार नाही, जेथे यंत्रे घडतात आणि निर्णय होतात त्या जागी आपली माणसे पोहोचली पाहिजेत, असा त्या मागणीचा अर्थ होता.

मराठी माणसाला जर्मन कठीण आहे काय?

मराठी माध्यमातून शिकलेली मुले म्हणतात, "आम्हांला इंग्रजीच अजून धड येत नाही, त्यात जर्मनची भर कशाला?" मित्रहो, येथे थोडा विचार करा. इंग्रजीत नामांना व्याकरणाचे लिंग जवळजवळ नाही. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत: डेर, डी आणि डास. इंग्रजी माध्यमातील मुलगा त्यांना घाबरतो. तुम्ही मात्र जन्मापासून तो दगड, ती भिंत, ते झाड असेच बोलत आला आहात. शब्दांची लिंगे पाठ करावी लागतील हे खरे, पण निर्जीव वस्तूला लिंग असते हे तुम्हांला कोणी समजावून सांगावे लागत नाही. जर्मनमध्ये विभक्ती आहेत. त्या चार आहेत, आपल्या शाळेतील व्याकरणात आठ होत्या. जर्मनच्या गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते. आपले तर बहुधा नेहमीच शेवटी असते. थोरांशी बोलताना एक सर्वनाम आणि मित्राशी बोलताना दुसरे, हा भेदही दोन्ही भाषांत आहे. अंक घ्या. इंग्रज 'वीस-पाच' म्हणतो. जर्मन मनुष्य 'पाच-आणि-वीस' म्हणतो. आपण काय म्हणतो? पंचवीस! एकक आधी आणि दशक मागून.

याचा अर्थ जर्मन आपोआप येईल असा नाही. भाषेच्या पायऱ्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा आहेत. मॅक्समुल्लर भवन चालविणाऱ्या ग्योटे संस्थेच्या हिशेबाप्रमाणे अगदी प्रारंभापासून सी-१ पर्यंत जाण्यास ४५ मिनिटांच्या सुमारे ८०० ते १००० तासिका लागतात. रोज दोन तासिका धरल्या तर ४०० ते ५०० दिवस झाले. म्हणून पदवी हाती आल्यावर भाषा सुरू करणारा विद्यार्थी उशीर करतो. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षापासून आरंभ करावा. पुणे व मुंबई येथे मॅक्समुल्लर भवन आहे, आणि पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे. नाशिक सोडणे शक्य नसेल त्यांनी घरी राहून आंतरजालावरून शिकावे, पण परीक्षा मान्यताप्राप्त संस्थेचीच द्यावी. द्विभाषिक अभ्यासक्रमासाठी इंग्रजीचे प्रमाणपत्र आणि जर्मनचे प्रमाणपत्र अशी दोन्ही लागतात. जर्मनची अट कोठे बी-१ वा बी-२ असते, तर कोठे सी-१ च्या आसपासची टेस्ट-डाफ किंवा डी.एस.एच. ही परीक्षा मागतात. टेस्ट-डाफमध्ये वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात, आणि विद्यापीठे बहुधा चारही भागांत चौथी श्रेणी मागतात.

यंत्रशास्त्रात दुसऱ्या भाषेने काय बदलते?

कित्येकांना वाटते की गणित सर्वत्र सारखेच, मग भाषेने काय बिघडणार? समीकरण सारखेच असते हे खरे. परंतु ते कशाविषयी आहे हे भाषाच सांगते. जर्मनमधील 'स्पानुंग' हा शब्द घ्या. तुळईवर भार पडला म्हणजे आत जो ताण निर्माण होतो त्याला स्पानुंग म्हणतात, आणि विजेच्या दाबालाही स्पानुंगच म्हणतात. यंत्र आणि वीज दोन्ही ज्यात आहेत अशा विषयाच्या प्रश्नपत्रिकेत वाक्य नीट न वाचणारा विद्यार्थी येथेच चुकतो. 'लाइस्टुंग' म्हणजे शक्ती, अर्थात दर सेकंदाला होणारे कार्य. परंतु परीक्षेतील कामगिरीलाही हाच शब्द आहे. आकडे लिहिण्याची रीतही उलटी आहे. आपण जेथे दशांश टिंब देतो तेथे ते स्वल्पविराम देतात, आणि हजारांची फोड करताना टिंब देतात. म्हणजे जर्मन तक्त्यात १.५०० असे छापलेले असेल तर ते दीड नव्हे, दीड हजार. कारखान्यात अशी चूक झाली तर सारा माल भंगारात जाईल.

म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने एक साधी वही करावी. पानाचे तीन रकाने पाडावेत: जर्मन, इंग्रजी, मराठी. ऊष्मागतिकी, द्रवयांत्रिकी, पदार्थांची ताकद आणि यंत्रांचे घटक या चार विषयांतील शब्द जाण्यापूर्वीच त्यात भरावेत. मराठी रकाना रिकामा ठेवू नये. जी गोष्ट आपल्या आईच्या भाषेत सांगता येते ती आपल्याला समजली आहे, याची ती खूण होय.

आणखी एक सावधगिरी. आपल्याकडे विषय राहिला तर 'केटी' लागली म्हणतात आणि तो पुन्हा देतात. जर्मनीतील बहुतेक विद्यापीठांत एका विषयाची परीक्षा मर्यादित वेळाच देता येते, बहुधा तीनदा. शेवटच्या वेळीही अनुत्तीर्ण झाल्यास अभ्यासक्रमातून नाव कमी होते, आणि तीच शाखा त्या देशात पुन्हा घेणे कठीण होते. तेव्हा पहिल्या सत्रात सर्वांत अवघड विषय दुबळ्या भाषेत घेऊ नये. ज्या भाषेत हात बसला आहे त्या भाषेतील विषय आधी, दुसरे नंतर. द्विभाषिक अभ्यासक्रमाचा खरा लाभ हाच आहे की एका भाषेच्या आधाराने उभे राहून दुसरीत पाऊल टाकता येते. संपूर्ण इंग्रजी अभ्यासक्रम करणाऱ्याला पदवी मिळते, पण पुढे कारखान्यात फोरमन आणि कारागीर जर्मनच बोलतात. द्विभाषिक पदवीचा विद्यार्थी त्यांच्यात उभा राहू शकतो.

गुण आणि कागद

जर्मन गुणपद्धतीत १ हा सर्वोत्तम आणि ४ हा केवळ उत्तीर्ण. आपले गुण त्यांत बदलण्याचे सूत्र ठरलेले आहे. कमाल गुणांतून आपले गुण वजा करा. कमाल गुणांतून उत्तीर्णतेचे किमान गुण वजा करा. पहिल्या संख्येला दुसरीने भागा, तिनाने गुणा आणि एक मिळवा. समजा, दहापैकी ८ गुण आहेत आणि उत्तीर्ण होण्यास ४ लागतात; तर दोन भागिले सहा, गुणिले तीन, अधिक एक, म्हणजे २.० झाले. सात गुण असतील तर २.५ होतात. अनेक अभ्यासक्रमांची मर्यादा २.५ च्या आसपास असते. म्हणून पहिल्या वर्षापासूनचे गुण सांभाळले पाहिजेत.

नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी दिल्लीच्या ए.पी.एस. या केंद्राकडून आपली प्रमाणपत्रे तपासून घ्यावी लागतात. याशिवाय विद्यापीठ आपल्या पदवीचा अभ्यासक्रम विषयवार पाहते: गणित किती, यांत्रिकी किती, ऊष्मागतिकी किती. कित्येक ठिकाणी कारखान्यातील प्रत्यक्ष कामाचे काही आठवडेही मागतात. येथे नाशिकच्या मुलाचे बळ मोठे आहे. ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. सातपूर आणि अंबड येथे लेथ, मिलिंग आणि डाय यांचे काम गल्लोगल्ली चालते. १८८६ साली स्टुटगार्टला रॉबर्ट बॉशने काढलेल्या कंपनीचा कारखाना आपल्या सातपुरात आहे आणि तेथे डिझेल इंजिनाचे सुटे भाग बनतात. ज्याचा बाप फिटर वा टर्नर आहे त्याने त्याची लाज बाळगू नये. सुट्टीत बापाबरोबर कारखान्यात उभे राहावे आणि त्याचा रीतसर दाखला घ्यावा.

पैशाचा प्रश्न

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. केवळ सत्राची काहीशे युरो वर्गणी असते. पण याला अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेमबर्ग प्रांतात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्रास १,५०० युरो द्यावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून पदव्युत्तर अभ्यासक्रमास दर सत्री ४,००० ते ६,००० युरो शुल्क लावले आहे. निर्वाहाचा पुरावा म्हणून व्हिसापूर्वी बँकेच्या बंद खात्यात एका वर्षाची रक्कम दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो, म्हणजे महिना ९९२ युरो ठरली. रुपयांत हे अकरा-बारा लाखांच्या घरात जाते. शिकता शिकता काम करता येते. मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस अशी त्याची मर्यादा आहे. पण त्या मिळकतीवर पहिल्या वर्षाचा हिशेब मांडू नये.

मग घर विकावे काय? सावकाराकडे जावे काय? नाही. आधी सरकारी शिष्यवृत्त्यांकडे जावे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी ठेवल्या असून ३० टक्के जागा मुलींसाठी राखल्या आहेत. तिच्यासाठी विद्यापीठ जगाच्या क्यूएस यादीतील पहिल्या ५०० मध्ये असावे लागते. आखेन, कार्ल्सरूह, बर्लिन, डार्मस्टाट, स्टुटगार्ट, ड्रेस्डेन येथील तांत्रिक विद्यापीठे त्या यादीत असतात. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच आहे. तिच्या ७५ जागा असून अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे जातो. उत्पन्न, वय, गुण आणि विद्यापीठाचा क्रमांक यांच्या अटी बदलत असतात, म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावर न जाता त्या वर्षाची मूळ जाहिरात वाचावी. मात्र एक ध्यानात ठेवावे. जर्मनीतील उपयोजित विज्ञानाच्या अनेक चांगल्या उच्चशाळा या क्रमवारीत नसतात. तेथे शुल्क बहुधा नाही, पण शिष्यवृत्तीही मिळणार नाही. दोन वाटांचा हिशेब वेगवेगळा मांडावा.

नवदीक्षित कुटुंबांनी येथे विशेष काळजी घ्यावी. १९५६ नंतर पुष्कळ वर्षे बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळत नव्हत्या. महाराष्ट्राने राज्यापुरत्या त्या दिल्या होत्या. केंद्राचा कायदा १९९० साली सुधारला, आणि मग बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या माणसाचा हक्क सर्वत्र मान्य झाला. परंतु १९५० च्या आदेशातील यादी ही जातींची यादी आहे. म्हणून केंद्राच्या प्रमाणपत्रात धर्मांतरापूर्वीची जात आणि आजचा बौद्ध धर्म, दोन्ही स्पष्ट असावे लागतात. शाळेचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, पडताळणीचे प्रमाणपत्र आणि पारपत्र यांत नावाचे एकेक अक्षर जुळले पाहिजे. जुनी जात कागदावर लिहावी लागते म्हणून कोणी खिन्न होऊ नये. ती ओळख आपण मनातून टाकली आहे. कागदावर राहिला आहे तो झालेल्या अन्यायाचा पुरावा, आणि हक्क त्याच पुराव्यावर उभा आहे.

पैसे घेऊन प्रवेश करून देणाऱ्या दलालांपासून दूर राहा. विद्यापीठाचा अर्ज विद्यार्थी स्वतः भरू शकतो. अटी विद्यापीठाच्या पत्रकात छापलेल्या असतात. "जर्मन येत नसले तरी चालेल, तेथे गेल्यावर बघू" असे जो सांगतो त्याला दाराशीच नमस्कार करावा.

त्रिरश्मीच्या लेण्यांतील धडा

शिष्यवृत्ती मिळण्याआधीच एक खर्च येतो: भाषेचा वर्ग, परीक्षांची शुल्के, प्रमाणपत्रांची तपासणी. हा खर्च लाखांत नसतो, पण पुष्कळ मुले येथेच थांबतात. याचा उपाय आपल्या नाशिकच्याच दगडात कोरलेला आहे. पांडवलेणी म्हणून जी त्रिरश्मी पर्वतावरील बौद्ध लेणी आपण पाहतो, त्यांतील दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी त्याने तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमचे ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज ठरले, आणि त्यातून तेथे वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावेत अशी व्यवस्था झाली. हिशेब करून पाहा: वर्षाचे व्याज २४० आणि वीस गुणिले बारा २४०. मूळ रकमेला हात लावायचा नाही, केवळ व्याज खर्चावे, असा तो दंडक होता. आणि तो पैसा सांभाळणारे राजे नव्हते, सावकारही नव्हते. हाताने कापड विणणारे कारागीर होते.

आपल्या प्रत्येक विहाराने असा शिक्षणनिधी का उभारू नये? जयंतीच्या मिरवणुकीचा खर्च थोडा आवरता घेऊन मूळ रक्कम बँकेत ठेवावी. तिच्या व्याजातून दरवर्षी एका मुलाच्या आणि एका मुलीच्या भाषेच्या वर्गाचे शुल्क भरावे. हिशेब विहाराच्या भिंतीवर लावावा. जो शिकून कमावू लागेल त्याने आपल्यावर झालेला खर्च निधीत परत भरावा, म्हणजे पुढच्याची सोय होईल.

मुलींविषयी दोन शब्द. यंत्रशाळा ही मुलांची जागा असे अजूनही आपल्या घरांत समजतात. मुलगी पदवीला पहिली येते, आणि घरी तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीने मोजली, हे आपण भाषणांत सांगतो. ते घरातही चालले पाहिजे. राखीव जागा रिकामी गेली तर तिचा दोष आपलाच.

तेथे सारे सुखाचे आहे असे मी म्हणणार नाही. हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडतो. खोली मिळणे कठीण असते. आणि परदेशातही आपलाच एखादा देशबांधव आडनाव विचारून जात शोधतो. त्याला नाव निर्भयपणे सांगावे आणि आपल्या अभ्यासाला लागावे. पदवी मिळाल्यावर काम शोधण्यासाठी तेथे अठरा महिने राहता येते. पुढे तेथे राहावे की परत यावे, हे प्रत्येकाने ठरवावे. पण राहणाऱ्याने आणि परतणाऱ्याने, दोघांनीही मागच्यांची वाट मोकळी करावी.

या नाशकात १९३० साली आपल्या वडिलधाऱ्यांनी काळाराम मंदिराच्या दारापुढे सत्याग्रह केला. याच जिल्ह्यात येवल्याला १९३५ साली बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यांनी माणसाला माणूस म्हणून उभे राहण्याचा हक्क मागितला. आज जी दारे आपल्यापुढे आहेत त्यांच्यावर पहारेकरी नाही. ती भाषेने, गुणांनी आणि वेळेवर भरलेल्या अर्जाने उघडतात. तेव्हा आज घरी गेल्यावर तीन गोष्टी कराव्यात. मुलांनी तीन रकान्यांची वही सुरू करावी. आईबापांनी सर्व दाखले एका पिशवीत काढून नावाची अक्षरे जुळवून पाहावीत. आणि विहाराच्या पंचांनी पुढच्या पौर्णिमेच्या बैठकीत शिक्षणनिधीचा विषय मांडावा.

जय भीम!